रिजेक्ट राव सरी म्हणाले

बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात गुरुराजरावांनी एकतीस वर्षं काढली, पण तिथे त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर होतं. बाकी सगळे त्यांना रिजेक्ट राव म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांच्या कानावर जाईल अशा बेतानं. रावांना राग यायचा नाही. उलट आतून जरा बरंच वाटायचं. माणसाला कशाचा अभिमान वाटेल याचा काही नेम नाही.

काम तपासणीचं होतं. लेथवरून उतरलेले सुटे भाग ट्रेमधून यायचे आणि राव एकेका भोकात गेज घालून पाहायचे. गेज म्हणजे बोटभर लांबीची पोलादी कांडी, दोन टोकांची. एक टोक केसभर बारीक, ते भोकात गेलंच पाहिजे. दुसरं केसभर जाड, त्यावर लाल पट्टा, ते आत जाता कामा नये. गेलं तर भोक मोठं झालं, माल बाद. आळशी तपासनीस बारीक टोक घालतो, ते सरकन गेलं की शिक्का मारून मोकळा होतो. राव लाल टोकापासून सुरुवात करायचे. जे भोक कशालाच नाही म्हणत नाही ते बिघडलेलं भोक, असं ते नव्यानं आलेल्या प्रत्येकाला ऐकवत. लेथवरचा कल्लाप्पा, ज्याचा माल सगळ्यांत जास्त बाद व्हायचा, तो म्हणायचा की या माणसाला मुलगी दाखवताना सासरच्यांचा जीव टांगणीला लागला असणार.

ही सवय कारखान्याच्या फाटकाबाहेरही त्यांच्यासोबत यायची. एके वर्षी कँटीनमध्ये कुणी एक गृहस्थ सागवानाच्या झाडांची योजना घेऊन आला. आज पाच झाडं घ्या, निवृत्त व्हाल तेव्हा लखपती. अर्ध्या कारखान्यानं फॉर्म भरले. रावांनी फक्त एवढंच विचारलं की माझी पाच झाडं मला बघायला कधी मिळतील. गृहस्थ म्हणाला, रान फार लांब आहे. रावांनी फॉर्म घडी घालून परत दिला. कल्लाप्पानं मात्र झाडं घेतली, आणि ती कुठल्या जिल्ह्यात उभी आहेत हे त्याला अजूनही कळलेलं नाही.

निवृत्तीनंतर राव राजाजीनगरच्या आपल्या घरी स्थिरावले. पत्नी पाच वर्षांपूर्वी गेली. मुलगी आश्लेषा सिडनीला, दर रविवारी संध्याकाळी फोनवर तिचं तोंड दिसायचं. बाकी आठवडाभर घरात आवाज म्हणजे नळाचा, कुकरचा आणि बाहेरच्या भाजीच्या गाडीचा. पण त्यांच्या जुन्या मराठी मंडळातले लोक त्यांना विसरले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली, मराठीत अर्धं कन्नड कालवून बोलणारी ही मंडळी आता फोन घेऊन रावांकडे येऊ लागली. कुणाला घरबसल्या टायपिंग करून कमवायचं असे, कुणाला व्हिडिओ लाइक करून. राव चष्मा लावून सगळं वाचत आणि म्हणत, "नोडोण." म्हणजे बघू या. पण रावांच्या नोडोणचा अर्थ नाही असाच व्हायचा, आणि तो बहुधा खरा ठरायचा. म्हाताऱ्याला कशातच चांगलं दिसत नाही, असं म्हणत लोक जायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायचे.

वरच्या मजल्यावर गेल्या वर्षी पुण्याहून एक जोडपं राहायला आलं. वेदांत इंदिरानगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी आठला निघाला की रात्रीच परत. त्याची बायको शुभदा पुण्यात एका जाहिरात कंपनीत सहा वर्षं नोकरी करत होती. नवऱ्याची बदली झाली म्हणून ती सोडून आली. इथे आल्यावर तिनं अर्जांचा धडाका लावला, चार-पाच मुलाखतीही झाल्या, पण कुठेच जमलं नाही. एकदा जिन्यात ती रावांना म्हणाली होती की चप्पल घ्यायची तरी नवऱ्याला सांगावं लागतं, तो बिचारा काही म्हणत नाही, पण मलाच नको वाटतं. बोलून झाल्यावर तिला ते बोलल्याचंही वाईट वाटलं होतं.

जूनमधल्या एका सकाळी अकराच्या सुमारास ती खाली आली. राव स्वयंपाकघरात कुकरच्या झाकणाशी झटत होते. शिट्टीच्या नळीत डाळ अडकली होती आणि ते टाचणीनं ती काढत होते. शुभदा उंबऱ्यावर बसली आणि फोनवरून वाचून दाखवू लागली. एक कंपनी होती, तिचं नाव इतकं चमचमतं होतं की रावांना ते शेवटपर्यंत पाठ झालं नाही. हॉटेलांना स्टार द्यायचे, दोन ओळी चांगल्या लिहायच्या, दिवसाला तीन टास्क. आधी थोडे पैसे खात्यात भरायचे, मग कमाई त्याच्या पटीत. ती वाचत होती, मध्येच समजावून सांगत होती, मध्येच स्वतःशी हसत होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं की काका, ठीक वाटतंय ना हे सगळं? रावांची टाचणी नळीत होती. "सरी, सरी," ते म्हणाले. शुभदा उठून वर गेली. दुपारी कुकर नीट वाजला आणि राव ते सगळं विसरूनही गेले.

मग एका गुरुवारी तिसऱ्या क्रॉसला, म्हणजे तिसऱ्या आडव्या गल्लीत, राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीचा, कृष्णाबाईंचा, फोन आला. अक्का पंचाहत्तरीच्या. यजमान पोस्टात होते, त्यांच्या मागे राहिलेली एकच ठेव अक्कांच्या नावावर होती आणि तिच्या व्याजावर त्यांचं चालायचं.

"अरे गुरू, सोमवारी ठेव मोडायला बँकेत जायचंय. स्वल्प सोबत येशील का?"

रावांनी विचारलं की कशासाठी. अक्का म्हणाल्या, तुझ्या त्या कंपनीत घालायला. तूच तर पास केलीस. मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर आलंय.

राव उभे होते ते खुर्चीत बसले. अक्कांनी तो मेसेज वाचून दाखवला. मंडळात नव्यानं आलेल्या शुभदानं लिहिला होता. कंपनीची माहिती होती, आणि शेवटी एक ओळ होती की राव काकांनी सगळं ऐकून घेतलंय, ते सरी म्हणाले. त्या एका ओळीवर अकरा बायकांनी नावं दिली होती. त्यांच्यातल्या सकवारबाईंना तर पहिल्या आठवड्याचे पैसेही मिळाले होते आणि त्या देवळात ते सगळ्यांना दाखवत होत्या.

सरी हा बेंगळुरूचा फार सोयीचा शब्द आहे. बरोबर असेल तर सरी, चालण्यासारखं असेल तर सरी, आणि समोरच्याचं बोलणं लांबलं की पुरे आता, यालाही सरीच. इथला माणूस नुसत्या सुरावरून ओळखतो की हे कुठलं सरी. जिना चढता चढता रावांनी मनाशी जुळवलं की पोरीला इथे येऊन वर्षच झालंय, तिला त्याचा एवढा एकच अर्थ कळला असणार. आपण पुरे म्हटलं आणि तिनं बरोबर ऐकलं. त्यांना तिचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मधल्या पायरीवर दम लागून ते थोडे थांबले.

शुभदानं हसतच दार उघडलं. तिला कंपनीनं टीम लीडर केलं होतं. वेदांतला दिवाळीपर्यंत सांगायचं नाही, मग एकदम चकित करायचं, असा तिचा बेत होता. रावांनी वाद घातला नाही. फसव्या मालाशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिला फक्त कंपनीच्या मॅनेजर मॅडमचा नंबर मागितला, तिच्याच टेबलाशी बसले आणि एका बोटानं अर्ज टाइप केला. माझं वय सत्त्याण्णव. मला वाचता येत नाही. दोन्ही डोळ्यांना दिसत नाही. माझ्याकडे फोन नाही. मला हे काम मिळेल का?

मिनिटभरात उत्तर आलं. अभिनंदन सर, आपली निवड झाली आहे, आज फक्त तीन जागा शिल्लक आहेत.

राव त्याच बोटानं पुढे टाइप करत राहिले. एक सांगायचं राहिलं, मी गेल्या वर्षी वारलो. त्याचंही उत्तर आलं, सोबत गुलाबाचं फूल. काही हरकत नाही सर, पहिली रक्कम भरून सुरुवात करू या.

शुभदानं फोन हातात घेऊन ते दोन-तीनदा वाचलं. राव हलक्या आवाजात म्हणाले, "खरं काम असलं ना, तर ते कुणाला तरी नाही म्हणतं गं. यांनी मेलेल्यालाही घेतलं."

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. त्याचा अर्थ रावांना तेव्हा लागला नाही. तिनं लगेच आपले भरलेले पैसे परत काढायचा प्रयत्न केला, तर कंपनीनं सांगितलं की आधी कर भरा, मग मिळतील. किती भरलेस म्हणून रावांनी विचारलं तेव्हा तिला आकडा उच्चारवेना. तिनं तो कागदावर लिहिला आणि कागद त्यांच्याकडे फिरवला. पुण्याच्या नोकरीतलं, मोडायचं नाही म्हणून बाजूला ठेवलेलं जवळजवळ सगळं गेलं होतं. रावांना फार वाईट वाटलं. त्यांनी तिथूनच सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० या नंबरवर फोन लावला, तिकडची बाई कन्नडमध्ये विचारत होती ते शुभदाला मराठीत सांगितलं, तिची तक्रार नोंदवली, तिला घेऊन बँकेतही जाऊन आले. आजच सांग, असं बजावल्यामुळे संध्याकाळी तिनं वेदांतला सांगितलं. वरून ओरडण्याचा आवाज येतो का म्हणून राव कान देऊन बसले होते. आला नाही, तेव्हा ते जेवायला उठले.

आता अक्का आणि त्या अकरा जणी. रावांना वाटलं होतं, ही तर सोपी गोष्ट. फोन करायचा, फसवणूक आहे म्हणून सांगायचं, संपलं. पण अक्का ऐकेनात.

"तू नाही म्हणतोस यात काय नवल, गुरू? तू आमच्या लग्नातल्या फोटोग्राफरलासुद्धा नाही म्हणाला होतास. तू सरी म्हणालास, हे नवल. म्हणून तर मी तयार झाले."

आयुष्यभर नाही म्हणून म्हणून रावांनी आपल्या नाहीची किंमत इतकी घालवली होती की आता ऐन गरजेला ते चालेना. सकवारबाईंनी तर ग्रुपवर लिहून टाकलं की राव अण्णांचं वय झालंय, आज एक म्हणतात, उद्या दुसरं. मला पैसे मिळालेत, मी तर पुढचे भरणार. इतरांनी त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं टाकली होती. त्याला होकार समजायचं की नकार, हे रावांना कळेना.

शनिवारी शुभदा खाली आली. डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, काका, तुम्ही उद्या मंडळाच्या सभेत सांगा की या मुलीला कन्नड कळत नाही, मी काय म्हणालो ते तिनं भलतंच ऐकलं. चूक माझ्यावर टाका, मला चालेल.

रावांना ते पटण्यासारखं होतं. खोटंही नव्हतं. सगळा दिवस त्यांनी ते वाक्य मनात घोळवलं. त्यात त्यांची एकतीस वर्षं शाबूत राहत होती. पण त्यात एक खोट होती, आणि ती त्यांनाच दिसत होती. शब्दाचा घोटाळा म्हटलं की बायका शब्दावर बोलत बसणार. अक्का म्हणणार, सुराचं काय घेऊन बसलास, तुला ती कंपनी बरी वाटली होती की नव्हती? यावर त्यांच्याकडे एकच खरं उत्तर होतं, आणि ते आजवर त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं.

रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. उपीट आणि कॉफी झाली, अध्यक्षांचं गणेशोत्सवाच्या वर्गणीवर बोलणं झालं, आणि मग राव उठले. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"या शुभदानं मला वाचून दाखवलं तेव्हा मी कुकरची शिट्टी साफ करत होतो," ते म्हणाले. "मी काही पाहिलं नाही. एक अक्षर नाही. न पाहता सरी म्हटलं. तिनं माझ्यावर भरवसा ठेवला, त्यात तिचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे. माझं नाव बघून ज्यांनी पैसे भरले असतील, त्यांनी मला बोलावं."

रिजेक्ट राव न पाहता बोलले, हे पचायला लोकांना वेळ लागला. मग सकवारबाईंनी, जरा घुश्शातच, विचारलं की ही कंपनी खोटी कशावरून. रावांनी फोन त्यांच्याकडे दिला. सत्त्याण्णव वर्षांच्या आंधळ्या माणसाची निवड त्यांनी मोठ्यानं वाचली, पुढे तो वारल्याचंही वाचलं, गुलाबाच्या फुलापाशी त्यांचा आवाज अडखळला, आणि मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. मग सगळेच हसले. सकवारबाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन परत दिला आणि हळू आवाजात विचारलं की तक्रार करायची तर नंबर कोणता.

अक्का काठी टेकत भावाजवळ आल्या. "उद्या येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मी बँकेत जात नाही." मग त्यांनी विचारलं की तुला बरं आहे ना, बीपीची गोळी घेतोस ना वेळेवर. त्यांच्या मते न पाहता बोलण्याचं दुसरं काही कारण असूच शकत नव्हतं.

बाहेर पडताना एक-दोघांनी रावांची पाठ थोपटली, तर एकानं, आता कुठल्याही मालाला पास करता का अण्णा, म्हणून चिमटाही काढला. रावांनी तो सोसला. वेदांतला ऑफिसचं काम निघालं होतं, म्हणून परतताना रिक्षात राव आणि शुभदा दोघंच होते.

"काका, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात," ती शेवटी म्हणाली.

"खोटं काय त्यात? खरोखरच पाहिलं नव्हतं मी."

"ते नाही. भरवसा ठेवला म्हणालात ते." ती खाली बघत होती. "मला तेव्हाच कळलं होतं तुम्ही ऐकत नाही आहात. आणि सरी म्हणजे पुरे, असंही असतं, ते मला माहीत होतं. भाजीवाली मला रोज तसंच म्हणते. वर्षभर जिथे जिथे अर्ज केला, तिथून नकार आला, काका. सगळ्या खऱ्या ऑफिसांनी नाही म्हटलं. मला एक हो हवं होतं. तुमच्या तोंडून तो शब्द निघाला, तो उचलला आणि मी पळाले."

रावांना राग आला. चाळीस माणसांसमोर त्यांनी आपलं नाव उतरवून ठेवलं होतं, आणि या मुलीला सगळं आधीच ठाऊक होतं. ते बाहेर बघत राहिले. मग गुरुवारी तिच्याच टेबलाशी बसून आपण तिला काय ऐकवलं होतं ते त्यांना आठवलं. खरं काम कुणाला तरी नाही म्हणतं. तो कुणीतरी समोरच बसला होता आणि आपण मोठ्या दिमाखात ते बोललो होतो. राग ओसरला, आणि त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती. ती त्यांना कुकरच्या त्या सकाळपासून माहीत होती, पण तपासायची राहिली होती.

"मी तुला पुरे म्हणत नव्हतो," ते म्हणाले. "मलाही तसंच वाटलं होतं, पण ते खरं नाही. पाच वर्षांत त्या स्वयंपाकघरात कुणी बसून काही वाचलं नव्हतं. तू वाचत होतीस, हसत होतीस, मला बरं वाटत होतं. काय वाचतेस याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. तू वाचायची थांबू नयेस म्हणून मी सरी म्हणालो. आणि तू उठून गेलीस."

शुभदानं त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसऱ्या बाजूला मान वळवली. राजाजीनगर आलं होतं. रिक्षावाल्यानं मागे वळून कुठला क्रॉस म्हणून विचारलं, पण दोघांनाही पटकन सांगता आलं नाही.